आमवात : रक्ताचा रिपोर्ट कसा वाचावा?

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, बोटांची पेरे सुजतात, तासभर अंग आखडलेले राहते. या आजारास आपण आमवात व डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वयोमानाने गुडघे झिजणे निराळे. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. स्त्रियांत तो अधिक आढळतो.

आपल्या कर्जत तालुक्यापासून जवळच, भीमेपलीकडे पुणे जिल्ह्यात भिगवण आहे. तेथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू केली. दर दोनशे प्रौढांत सुमारे एकास आमवात आढळला. म्हणजे हा आजार शहरापुरता नाही.

रुग्ण बहुधा ‘आर. ए. पॉझिटिव्ह’ हा शब्द धरून बसतात. आर. ए. फॅक्टर व अँटी-सीसीपी या तपासण्या मुख्यतः निदानासाठी असतात. काही निरोगी माणसांतही आर. ए. फॅक्टर सापडतो, तर काही रुग्णांत सापडत नाही. आज आजार किती जोरात आहे, हे त्यावरून ठरत नाही.

त्यासाठी दोन तपासण्या उपयोगी पडतात. ई. एस. आर. मध्ये उभ्या नळीतील रक्ताच्या तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते पाहतात. सूज असल्यास त्या लवकर बसतात. मात्र रक्तक्षय, गरोदरपण व वाढते वय यांनीही हा आकडा वाढतो. सी. आर. पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. सूज येताच ते काही तासांत वाढते व सूज उतरताच लवकर घटते. परंतु न्यूमोनियासारख्या जंतुसंसर्गानेही ते वाढते. उलट, सांधे सुजलेले असूनही दोन्ही आकडे कधी सामान्य येतात.

म्हणून डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात, दुखरे व सुजलेले मोजतात, रुग्णाचे म्हणणे विचारतात आणि यातील एक तपासणी जोडून ‘डॅस-२८’ हा गुणांक काढतात. ई. एस. आर. धरून काढलेला गुणांक २.६ च्या खाली असल्यास आजार शांत, ५.१ च्या वर असल्यास तीव्र समजावा.

वाचकहो, वेदनाशामक गोळीने दुखणे थांबते, पण सांध्याची झीज थांबत नाही. दुखणे कमी झाले म्हणून औषध परस्पर सोडू नये. मेथोट्रेक्सेट दिले असल्यास ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. सर्व रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलीत लावून प्रत्येक भेटीस न्यावेत. एका आकड्याने घाबरू नये, आणि एका आकड्याने निश्चिंतही होऊ नये.