गालाच्या आत चिकटणारे औषध



तोंड आले की आपण एमआय रूममध्ये जातो. तिथे बहुधा एक छोटी ट्यूब मिळते आणि सोबत सूचना मिळते, "रात्री झोपताना लाव, चोळू नकोस." बरेच जण नेमके उलट करतात. सकाळी नाश्त्याआधी लावतात, बोटाने चोळतात आणि मग तक्रार करतात की मलम रेतीसारखे खरखरीत होऊन गळून पडले. यात चूक मलमाची नसते. तोंडातले ट्रायॅमसिनोलोनचे मलम जिलेटिन, पेक्टिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांच्या मिश्रणात घोटलेले असते. हे पदार्थ लाळेतले पाणी शोषून फुगतात आणि जखमेवर गुळगुळीत पापुद्रा धरतात. चोळले की हा पापुद्रा धरण्याआधीच मोडतो. झोपेत लाळ कमी सुटते, खाणे-बोलणे बंद असते, म्हणून रात्रीची वेळ सांगितलेली असते.

या साध्या मलमामागे औषधशास्त्राची एक मोठी शाखा आहे. आजचा धडा तिच्याविषयी.

१. अस्तर आणि त्यामागचा रस्ता

तोंडाच्या आतले अस्तर कातडीसारखेच पेशींच्या थरांचे बनलेले असते. पण हिरड्या आणि टाळूचा पुढचा भाग कडक असतो, तर गालाच्या आत आणि जिभेखाली तो वरचा कडक थर नसतो. गालाचे अस्तर साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असते. जिभेखालचे त्याहून बरेच पातळ असते. खाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते.

गिळलेली गोळी पोटातून आतड्यात आणि तिथून थेट यकृतात जाते. यकृत हे आपले गेटवरचे संत्री. परके रसायन दिसले की ते मोडून टाकते. काही औषधांचा बहुतेक भाग इथेच निकामी होतो. तोंडाच्या अस्तरातले रक्त मात्र मानेतल्या शिरेतून सरळ हृदयाकडे जाते. यकृताची पाळी नंतर येते.

याचे जुने उदाहरण नायट्रोग्लिसरीनचे आहे. डायनामाइटमधला हाच स्फोटक द्रव अत्यल्प मात्रेत छातीतली कळ थांबवतो, हे ब्रिटिश डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. त्याच घराण्यातली सॉर्बिट्रेटची गोळी आज अनेकांच्या आजोबांच्या खिशात असते. ती जिभेखाली ठेवायची असते, ती याच कारणासाठी.

२. चिकटवायचे का आणि कसे?

जिभेखालची गोळी मिनिटांत विरते. पण औषध कित्येक तास हळूहळू द्यायचे असेल तर अडचण येते. आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जीभ सतत हलते आणि आपण नकळत गिळत राहतो. सुटी गोळी या प्रवाहात टिकत नाही, म्हणून ती गालाला चिकटवावी लागते.

चिकटण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी भिजण्याची. कोरडा पॅच ओलावा शोषतो, मऊ होतो आणि अस्तराला पूर्ण टेकतो. दुसरी पायरी गुंतण्याची. अस्तरावर म्यूसिन नावाच्या प्रथिनाचा बुळबुळीत थर असतो. पॅचमधल्या लांब रेणूंच्या साखळ्या त्याच्या साखळ्यांत शिरून गुंततात. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानवर धन भार असतो आणि म्यूसिनवर ऋण, त्यामुळे पकड आणखी घट्ट होते. घोंगडीला ताठपणा आणायला आपल्याकडे चिंचोक्याची खळ लावतात. त्याच चिंचोक्यातल्या डिंकासारख्या पदार्थाचाही या कामासाठी अभ्यास झाला आहे.

पॅचच्या बाहेरच्या बाजूला पाणी न शोषणारा थर देतात. मग औषध लाळेत न जाता गालाच्या दिशेनेच जाते.

३. पकड मोजायची कशी?

बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न फार्मसी महाविद्यालयांत एम.फार्म.चे विद्यार्थी प्रबंधासाठी असे पॅच बनवतात. मोजणीची एक पद्धत आपल्या प्रयोगशाळेतल्या साध्या तराजूवर चालते. कत्तलखान्यातून आणलेले बकरीच्या किंवा मेंढीच्या गालाचे अस्तर खाली पक्के बसवायचे आणि लाळेइतक्या सामूच्या द्रावणाने ओले ठेवायचे. तराजूच्या एका बाजूला लावलेला पॅच त्यावर काही मिनिटे दाबून धरायचा. मग दुसऱ्या पारड्यात हळूहळू पाणी सोडायचे. पॅच सुटला, की थांबायचे.

समजा २० ग्रॅम पाण्याला पॅच सुटला. बल = वस्तुमान × गुरुत्व त्वरण, म्हणजे ०.०२० × ९.८ = ०.१९६ न्यूटन. पकड फार कमी असेल तर पॅच गिळला जाईल. फार जास्त असेल तर काढताना अस्तर सोलेल.

४. रणांगणावर

जखमी सैनिकाची शीर धक्क्यामुळे सापडत नाही आणि अंधारात सुई टोचणे कठीण जाते. म्हणून अमेरिकी सैन्याचे वैद्यकीय मदतनीस फेंटानिल या अतितीव्र वेदनाशामकाची काडीवरची गोळी जखमीच्या गालात ठेवत आले आणि काडी त्याच्याच बोटाला टेपने बांधत आले. गुंगी जास्त झाली की हात खाली पडतो, गोळी तोंडाबाहेर येते आणि मात्रा आपोआप थांबते.

पण या गोळीतले जेमतेम पाव औषध गालातून शोषले जाते. बाकीचे लाळेबरोबर पोटात जाते. कर्करोगाच्या रुग्णांसाठी २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, गालाला चिकटणाऱ्या फेंटानिलच्या पातळ फिल्ममधून मात्र सुमारे निम्मे औषध गालातून जाते. फरक चिकटण्याचा आहे. हे औषध जीवघेणेही ठरू शकते, म्हणून ते फक्त प्रशिक्षित हातांतच असते.

५. हाच रस्ता घातासाठीही

अस्तर औषध आणि विष यांत भेद करत नाही. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या आज्या आणि तंबाखूचा बार भरणारे काका हाच रस्ता वापरत आले. तंबाखूत चुना का मळतात? निकोटिन हा अल्क आहे. लाळेच्या सामू ७ ला त्याचे दहातले जेमतेम एक रेणू भाररहित असतात, चुन्याने सामू ९ झाला की दहातले नऊ. भाररहित रेणूच पेशींच्या स्निग्ध पडद्यातून सहज पार होतात.

सुपारीची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी आहे. तिच्यातल्या अरेकोलिनसारख्या घटकांमुळे अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल ताठ होतो आणि तोंड उघडेनासे होते. १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी हा विकार 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणून नोंदवला. साठलेले तंतू पूर्ववत होत नाहीत आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये बंदी आली. पण 'यात तंबाखू नाही' म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या गोड सुपारीतही सुपारी असतेच.

एनडीएच्या वैद्यकीय निकषांत हा विकार अपात्रतेचे कारण आहे, तोंड उघडत असले तरीही. पुढच्या दातांमधले अंतर ३० मिलिमीटरपेक्षा कमी भरले तरी उमेदवार बाद होतो. पाच वर्षे ड्रिल, पीटी आणि अभ्यास केलेला मुलगा एका पुडीपायी परत जाऊ शकतो. पालकांनीही हे वाचावे, कारण पहिली पुडी बहुधा सुट्टीत, लग्नघरात किंवा एसटी स्टँडवर हातात येते.

स्वाध्याय

१. सॉर्बिट्रेटची जिभेखालची गोळी पाण्याबरोबर गिळली, तर परिणाम उशिरा आणि कमी का होईल?

२. एक पॅच ३० ग्रॅमला सुटला. पकडीचे बल किती? (उत्तर: ०.२९४ न्यूटन)

३. पॅचला बाहेरून पाणी न शोषणारा थर नसेल तर काय होईल?

४. आरशासमोर उभे राहा आणि आपलीच तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का पाहा. बसली नाहीत तर लपवू नका, एमआय रूममध्ये दाखवा. सुट्टीत घरी गेल्यावर हीच तपासणी सुपारी खाणाऱ्या मोठ्यांनाही करायला सांगा.