चार लाखांची एक्सयूव्ही, पाच लाखांचा हिशोब

जुन्या गाड्यांच्या बाजारात महिंद्राची एक्सयूव्ही ५०० आता नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही स्वस्तात मिळते. २०१३-१४ची, बऱ्या अवस्थेतली डब्ल्यू ८ साधारण चार लाखांच्या आगेमागे. सात सीट, सहा एअरबॅग, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मोह होणारच.

सप्टेंबर २०११मध्ये ही गाडी आली तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत १० लाख ८० हजारांपासून होती आणि मागणी इतकी, की कंपनीला बुकिंगसाठी सोडत काढावी लागली. घरांची सोडत माहीत होती, गाडीची नवीन होती. चाकणला बनणारी ही गाडी २०२१मध्ये एक्सयूव्ही ७०० आल्यावर मागे पडली.

आधी चांगलं सांगतो. २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन ही या गाडीची खरी कमाई. १४० अश्वशक्ती, ३३० न्यूटन मीटर टॉर्क. २०१८च्या फेसलिफ्टमध्ये ते १५५ आणि ३६० झालं. सात माणसं आणि एसी घेऊन खंबाटकी चढताना गिअर खाली टाकायची घाई होत नाही. शिडीच्या चासीऐवजी मोनोकॉक बांधणी असल्यामुळे हायवेवर ती जीपसारखी डुलत नाही. वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर दीड लाख किलोमीटर झालेलं इंजिन पाहून घाबरू नका. तेवढे आकडे मीटरवर दिसले तर उलट विश्वास ठेवा. दहा वर्षांच्या डिझेल गाडीचं ‘फक्त ४८ हजार’ रनिंग मला नेहमी खटकतं.

इंजिन टिकतं, पण त्याच्या भोवतालचं सगळं खर्चात पाडतं. वजन पावणेदोन टनांच्या घरात, त्यामुळे आपल्या रस्त्यांवर पुढचं सस्पेन्शन झिजतं: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट. गतिरोधकावरून हळू जातानाही पुढून ‘खट्’ आवाज आला, की पंचवीस ते चाळीस हजार धरा. क्लचचं काम निघालं तर तेवढंच आणखी. केवळ शहरात फिरलेल्या गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चोंदतो, गाडी ओढत नाही आणि विकणारा सांगतो, ‘सर्व्हिसिंग केलं की ठीक होईल’. १७ इंची चार टायर बदलायचे तर चाळीस ते पन्नास हजार. हे आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे आहेत, अधिकृत सेवा केंद्रात ते वाढतात. पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्यांत सेन्सर आणि स्क्रीनच्या कुरबुरीही बऱ्याच होत्या. बजेट ताणता येत असेल तर २०१५च्या फेसलिफ्टनंतरचीच शोधा.

सात सीटचंही तसंच. शेवटच्या रांगेत शाळकरी मुलं बसतील, काका-काकू नाहीत. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी उरते ९३ लिटरची. सात जणांनी गणपतीला कोकणात जायचं तर सामान टपावर.

आता रोजचा खर्च. कंपनीचा दावा लिटरला १५.१ किलोमीटरचा होता. गावात-हायवेवर मिळून ११ धरा. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे ९१ लिटर. नव्वद रुपये भावाने सव्वाआठ हजार. टाकी ७० लिटरची, ती एकदा भरली की सहा हजार तीनशे गेले. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा ७,८९७ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ९,३१८. एप्रिल २०१९पूर्वीची गाडी असल्याने सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का बघा, नसेल तर ७४५ अधिक जीएसटी. आणि पंधरा वर्षांची मुदत विसरू नका: २०११च्या अखेरीस नोंदलेल्या गाड्यांची आरसी २०२६च्या अखेरीस संपते. नूतनीकरणाची फी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा.

दोन प्रकारच्या स्वस्त गाड्यांपासून सावध राहा. पहिली दिल्लीची. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर अनेक वर्षं बंदीची टांगती तलवार राहिली, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. किंमत पाहून हुरळू नका. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एजंट धरून फरक बराचसा भरून निघतो. शिवाय न्यायालयाने तिथे दोन हजार सीसीवरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवल्यावर महिंद्राने २०१६च्या सुरुवातीला १.९९ लिटरचं इंजिन बसवलं होतं, म्हणून आरसीवरची सीसी वाचा. दुसरी गाडी पुरातली. २०१९ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ला चिपळूण बुडालं होतं. इतकं इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत पाणी शिरलं की वायरिंगचं दुखणं वर्षानुवर्षं पुरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग शोधा, सीटखालच्या रुळांवर गंज बघा, गालिचा उचलून वास घ्या.

माझा कौल असा: वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर, त्यातला बराचसा हायवे असेल आणि ओळखीचा मेकॅनिक असेल, तर २०१५ नंतरची मॅन्युअल घ्या. किमतीवर लाखभर रुपये वेगळे बाजूला असतील तरच. रोज ऑफिसला आठ किलोमीटर जायला ही गाडी चुकीची आहे.

पैसे देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ही. आणि गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना स्वतः चावी फिरवा. तुम्ही पोचायच्या आधीच ती तापवून ठेवलेली असेल, तर चहा घ्या आणि घरी या.