डिझेल जनित्र वीज कशी निर्माण करते?

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमाभागास डिझेल इंजिन अपरिचित नाही. विजेचे खांब येण्यापूर्वी अनेक गावांत विहिरीवरील पंप व पिठाची गिरणी याच इंजिनावर चालत असे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने १९४६ साली पुणे येथे तेल-इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला आणि हे यंत्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले. आज गावोगावी वीज आहे. २००२ पासून या भागात तिचे वितरण गुलबर्गा विद्युत पुरवठा कंपनीकडे आहे. तथापि वळवाच्या वादळात तारा तुटल्या की दवाखाने, डाळ गिरण्या व मंगल कार्यालये यांना जनित्राचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून त्याचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन यंत्रांची जोडी

जनित्र म्हणजे वस्तुतः एकाच दांड्यावर जोडलेली दोन यंत्रे होत. पहिले यंत्र इंजिन. ते डिझेलमधील उष्णतेचे गतीत रूपांतर करते. दुसरे अल्टरनेटर, ते गतीचे विजेत रूपांतर करते.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात ठिणगीची गरज नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा अनुभव सर्वांनाच आहे. हवा दाबली असता ती तापते, हेच या इंजिनाचे मर्म. दट्ट्या खाली येताना सिलिंडरमध्ये हवा ओढली जाते. तो वर जाताना ती हवा दाबून मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्शाएवढी करतो व तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्याच क्षणी डिझेलचा सूक्ष्म फवारा आत सोडला जातो व तो आपोआप पेट घेतो. प्रसरण पावणारे वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येऊन धूर बाहेर लोटतो. या चार क्रियांपैकी एकच शक्ती देणारी आहे. उरलेल्या तीन पार पाडण्यास जड गतिचक्राचा साठविलेला वेग उपयोगी पडतो.

गतीतून वीज

१८३१ साली मायकेल फॅरेडे याने दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविल्यास तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो. अल्टरनेटरमध्ये इंजिनाच्या दांड्याबरोबर विद्युतचुंबक फिरतो व सभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर असतात. चुंबकाचा उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने समोर येत असल्याने प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होते. आपल्या देशात अशी आवर्तने सेकंदास ५० असतात. चार ध्रुवांचा, म्हणजे ध्रुवांच्या दोन जोड्यांचा, चुंबक मिनिटास १,५०० फेरे घेतो. म्हणजेच सेकंदास २५ फेरे व प्रत्येक फेऱ्यात दोन आवर्तने, एकूण ५०.

भार वाढला की इंजिन मंदावू लागते. तेव्हा गव्हर्नर हा नियामक अधिक डिझेल सोडून वेग कायम राखतो. व्होल्टेज २३० च्या आसपास ठेवण्याचे काम दुसरा नियामक चुंबकाची शक्ती कमीअधिक करून करतो.

खर्चाचा हिशेब

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिटांइतकी उष्णता असते; परंतु लहान जनित्राकडून सुमारे ३ युनिट वीजच हाती येते. उरलेली उष्णता मुख्यतः धूर व थंड करणारे पाणी अथवा हवा यांतून जाते. मोठे जनित्र केवळ दोन दिव्यांसाठी चालविल्यास हे प्रमाण आणखी घटते. म्हणून भाराच्या मानानेच जनित्र निवडावे. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. सबब अनेक मोटारी एकदम सुरू करू नयेत.

जीवाशी गाठ

पुढील सूचना केवळ यंत्राच्या नव्हे, तर माणसांच्या रक्षणासाठी आहेत.

१. जनित्र व सरकारी वीजवाहिनी यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच अवश्य असावा. तो नसल्यास जनित्राची वीज उलट दिशेने रोहित्रात शिरू शकते. जो रोहित्र ११,००० व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करतो, तोच उलट दिशेने २३० व्होल्टचे पुन्हा हजारो व्होल्ट करतो. वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन अशा वेळी प्राणास मुकतो. स्विचऐवजी सॉकेटमध्ये तारा खुपसून घरास वीज देणे हा तर सर्वांत घातक प्रकार होय.

२. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. म्हणून जनित्र बंद खोलीत किंवा खिडकीलगत कधीही चालवू नये. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसताच मोकळ्या हवेत यावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

३. भूसंपर्क नीट ठेवावा. इंधन भरण्यापूर्वी यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे.

४. आठवड्यातून एकदा जनित्र भारासह चालवून पाहावे. तेल, पाणी, हवेची गाळणी व बॅटरी तपासावी. दवाखान्यात बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. ऐन वेळी जनित्र सुरू न झाल्यास बालकांसाठी आणलेली लस वाया जाण्याचा धोका असतो.

शिक्षकांनी जुन्या सायकलीचा डायनॅमो वर्गात फिरवून दाखवावा. चाक जोराने फिरविले की दिवा प्रखर होतो आणि दिवा जोडताच चाक फिरविणे जड जाते. वीज फुकट मिळत नाही. प्रत्येक युनिटामागे कोणाचे तरी श्रम अथवा इंधन खर्ची पडते, हा धडा विद्यार्थ्यांच्या हातालाच कळेल.