व्हिडिओसाठी मिररलेस निवडताना

माझं बरंचसं काम हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनांच्या चित्रीकरणाचं. त्यामुळे कॅमेरा निवडताना माझी नजर फोटोवाल्यांपेक्षा वेगळ्या गोष्टींवर जाते.

१. सलग किती वेळ चालतो, हे आधी बघा. कीर्तन दोन तास रंगतं आणि मध्ये कुठे थांबेल ते सांगता येत नाही. जुन्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप बंद व्हायचं, कारण त्यापुढे गेलं की युरोपात तो व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त आयातकर लागायचा. नव्या मॉडेलांत ही अट बहुतेक उरलेली नाही, पण सेकंडहँड घेताना विचाराच. २०१७ सालच्या पॅनासॉनिक जीएच५ला ती नव्हती.

२. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा. कॅनन आर५ २०२० साली आला, तेव्हा कॅमेरा तापतो म्हणून ८के रेकॉर्डिंगची मर्यादा कंपनीनेच २० मिनिटं सांगितली होती, तीही २३ अंश तापमानाला. मराठवाड्यात एप्रिलमधल्या मांडवात पारा चाळिशीला टेकलेला असतो! सोनी एफएक्स३० किंवा पॅनासॉनिक एस५ टू यांच्यात पंखा आहे. लांबलचक कार्यक्रम करणाऱ्याने तिकडेच वळावं असं माझं ठाम मत आहे. पंखा नसेल तर स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवायचा, म्हणजे मागच्या बाजूला हवा लागते. आणि सेकंदाला ६०ऐवजी २५ फ्रेम ठेवायच्या, म्हणजे कॅमेरा कमी तापतो.

३. २५ फ्रेमचं आणखी एक कारण म्हणजे आपली वीज ५० हर्ट्‌झची. शटर १/५० ठेवलं की मांडवातले बहुतेक दिवे लुकलुकत नाहीत.

४. हेडफोनचं सॉकेट हवंच. सोनी ए६४००ला माइकचं आहे, हेडफोनचं नाही. महाराज हळू आवाजात दृष्टान्त सांगत असतात, लेव्हल त्याला जुळवलेली असते आणि एकदम वीस-पंचवीस टाळकरी गजर उचलतात. मीटरवर लाल पट्टी दिसते, पण आवाज किती फाटतोय ते कानालाच कळतं. फाटलेला आवाज एडिटिंगला नीट होत नाही. चित्र थोडं मऊ आलं तर गावकरी चालवून घेतात. अभंगाचे शब्द कळले नाहीत तर ते रेकॉर्डिंग कुणी पुन्हा लावत नाही.

५. १०-बिटचा उपयोग रंग नंतर दुरुस्त करणाऱ्यालाच. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १०-बिटमध्ये १०२४.

६. १०० एमबीपीएसच्या रेकॉर्डिंगला कार्डावर ताशी ४५ जीबी लागतात. दोन कार्ड स्लॉट असतील तर दोन्हीकडे एकाच वेळी लिहायला लावा.

७. पैसे देण्याआधी दुकानातच ४के लावून, तुम्हाला हव्या त्याच सेटिंगवर, पाऊण तास सलग चालवून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.