रस्त्यावरच्या वाहनाला किती अश्वशक्ती पुरे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर आता सायकली नावालाच उरल्या आहेत. तिथल्या मोटारसायकलींवरून मित्रांत जो वाद रंगतो, तो बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : कोणाची गाडी किती अश्वशक्तीची? हा विषय विज्ञान शाखेचा, असे कोणी म्हणेल. परंतु गाडीचा हप्ता कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनाही भरावा लागतो. तेव्हा हा हिशेब आपणही मांडून पाहण्यास हरकत नसावी.

अश्वशक्ती हे माप जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केले. आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकाला सांगता यावे, हा त्यामागचा व्यवहारी हेतू. आज प्रचलित असलेल्या मेट्रिक मापात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. शेतकऱ्याच्या मुलाला हे माप नवे नाही. विहिरीवरची मोटार तीनची की पाचची, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. २०२४ मध्ये राज्य सरकारने मोफत विजेची योजना आणली, तीही साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठीच. गंमत अशी की, खेडोपाडी धावणारी शंभर सी. सी. ची स्प्लेंडर सुमारे आठ अश्वशक्तीची, म्हणजे जवळजवळ त्या मोटारीएवढीच!

मग ही शक्ती खर्च कोठे होते? गाडी आणि दोन माणसे मिळून २४० किलो धरू. माझ्या ढोबळ हिशेबाने सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० कि. मी. वेगाला सव्वातीन अश्वशक्ती लागते, ८० ला साडेसहा आणि १२० ला तब्बल एकोणीस-वीस. हा सगळा वाऱ्याचा खेळ आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि तो कापण्यास लागणारी शक्ती आठपट होते.

चढाचे काय, असे कोणी विचारील. तुळजापूरच्या घाटासारख्या रस्त्यावर वीस मीटरला एक मीटर चढ धरला, तर ताशी ४० च्या वेगात २४० किलोचे ओझे दर सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडे अधिक वर जाते. त्यासाठी जादा लागते पावणेदोन अश्वशक्ती!

याचा अर्थ आठ अश्वशक्ती सर्वांना पुरे, असे मी म्हणणार नाही. दोघे बसलेली शंभर सी. सी. ची गाडी सत्तरच्या पुढे दम टाकते आणि मालट्रक ओलांडताना अंगावर काटा येतो. हाताशी थोडी शिल्लक हवीच. ती शिल्लक बारा ते पंधरा अश्वशक्तीत मिळते, असे माझे मत आहे. बुलेटची वीस अश्वशक्ती तिच्या १९० किलोंवर वजनाला शोभते. मात्र चाळीस अश्वशक्तीच्या मोटारसायकलीने आपल्या जिल्ह्यात करायचे काय? १९८३ साली आलेली मारुती ८०० ही अख्ख्या कुटुंबाची मोटार चाळीसच्या आतच होती.

नुसत्या आकड्यावर भुलू नये, याचे उदाहरण गळीत हंगामात रोज दिसते. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो, पण स्प्लेंडरही त्याला मागे टाकून जाते. तेथे गिअरच्या योजनेने वेग देऊन ओढ घेतलेली असते. शक्ती कशात खर्चायची, हे काम ठरवते.

आमच्या घरीही सोयाबीनचे पैसे आले की गाडी घ्यायचे घाटत आहे. वडिलांना दुधाच्या कॅनसाठी गाडी हवी. धाकट्या भावाच्या मनात ती चाळीसवाली. भावाला मी फक्त ब्रेकचा हिशेब दाखवला. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले आणि भान येण्यास एक सेकंद गेला, तर ६० च्या वेगात गाडी ३७ मीटरवर थांबते, ८० ला ५८ आणि १०० ला ८४ मीटरवर. इंजिन मोठे घेतल्याने हे अंतर कमी होत नाही. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला कायद्याने ८० चीच मुभा आहे. आणि सोलापूर-धुळे रस्त्यावर रात्री, मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली बुटक्या प्रकाशझोतात दिसते, ती चाळीसएक मीटरवर.