जेरी रॅफर्टी : ‘बेकर स्ट्रीट’मागचा माणूस

बेकर स्ट्रीट म्हटलं की तुम्हाला शेरलॉक होम्स आठवेल. पण लंडनच्या याच रस्त्याच्या नावाचं एक गाणं 1978 साली जगभर गाजलं. ते लिहिणारा आणि गाणारा जेरी रॅफर्टी मात्र लंडनचा नव्हताच. तो स्कॉटलंडमधल्या, ग्लासगोजवळच्या पेझ्ली गावचा. जन्म 16 एप्रिल 1947.

वडील आयरिश. खाणीत काम केलेले, लॉरी चालवणारे आणि पक्के दारुडे. शनिवारी रात्री ते पिऊन येणार, मारणार, म्हणून आई छोट्या जेरीला घेऊन रस्त्यांवर फिरत राहायची. पाऊस असो की थंडी. वडील झोपले की मगच दोघं घरात शिरायची. याच आईनं त्याला आयरिश आणि स्कॉटिश लोकगीतं शिकवली. पुढे 1971 च्या आपल्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये त्यानं तिच्या नावाचंच गाणं केलं, ‘मेरी स्केफिंग्टन’.

शाळा पंधराव्या वर्षी सुटली. खाटकाच्या दुकानात काम, कारकुनी, मग बिली कॉनोलीबरोबर ‘हंबलबम्स’ (हो, तोच पुढे विनोदवीर म्हणून गाजलेला!). नंतर जो ईगनसोबत ‘स्टीलर्स व्हील’. गाणं गाजलं, पण बँड मोडला आणि करारांच्या भांडणात तो असा अडकला की जवळजवळ तीन वर्षं नवं काही काढता येईना. वकिलांना भेटायला ग्लासगो ते लंडन खेपा सुरू झाल्या. मुक्काम बेकर स्ट्रीटजवळ एका मित्राच्या फ्लॅटवर. गाणं तिथलंच आहे.

ते ऐकताना एक गंमत बघा. ध्रुवपद गायक गातच नाही, त्या जागी रॅफेल रेव्हन्सक्रॉफ्टचा सॅक्सोफोन येतो. आणि शब्दांत काय आहे? शहराला कंटाळलेला माणूस आणि दारू सोडण्याची स्वप्नं बघणारा एक मित्र. शनिवारच्या त्या रात्री आठवल्या की हा भाग जास्तच बोचतो.

गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, ‘सिटी टू सिटी’ हा अल्बम पहिल्या. रेकॉर्ड कंपनीला अमेरिकेचा दौरा हवा होता, पण यानं चक्क नाही म्हटलं! त्याला प्रसिद्धी नकोच होती. दारूनं मात्र त्यालाही गाठलं. 4 जानेवारी 2011 रोजी यकृत निकामी होऊन तो गेला. त्याची अपुरी राहिलेली ध्वनिमुद्रणं मुलगी मार्थानं पूर्ण केली आणि 2021 मध्ये ‘रेस्ट इन ब्लू’ नावानं ती आपल्यापर्यंत आली.