हायड्रोप्लेनची लाकडी प्रतिकृती : एक प्रात्यक्षिक अभ्यास

कला शाखेच्या वार्षिक अंकात प्लायवूड, इंजिन आणि पेट्रोल यांचे काय काम, असा प्रश्न शीर्षक वाचताच काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत सात आठवडे मी अमेरिकेतील सिॲटल शहरी माझ्या मामांकडे होते. मामांनी फार वर्षांपूर्वी हायड्रोप्लेन नावाच्या शर्यतीच्या नावेचा एक लाकडी संच विकत घेऊन ठेवला होता. निवृत्तीनंतर तो सवडीने बांधावा, असा त्यांचा बेत होता. निवृत्ती आली, पण तिच्याबरोबर हातांना कंपही सुटला. बारीक दात्यांची करवत सरळ रेषेत धरणे त्यांना अशक्य झाले. तेव्हा ज्ञान त्यांचे आणि हात माझे, अशी आम्ही वाटणी केली. त्या कामातून जे शिकले, ते क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हायड्रोप्लेन म्हणजे काय?

आपल्या खाडीतली होडी पाणी बाजूला सारीत जाते. जितके पाणी ती सारते, तितक्या पाण्याचे वजन तिला तोलून धरते. वेग वाढवू लागलो, की तीच होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पुढे नाळ वर उचलली जाते, मागे पिछाडी खाली बसते आणि कितीही जोर लावला तरी बराचसा जोर लाटा करण्यातच खर्च होतो. हायड्रोप्लेनची घडण या अडचणीतून सुटण्यासाठी आहे. ती पाणी कापीत नाही, पाण्यावरून घसरत जाते.

या नावेच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना, दोन पसरट पावले असतात. त्यांना स्पॉन्सन म्हणतात. वेगात असताना नाव पुढे या दोन पावलांवर आणि मागे पंख्यावर टेकते. म्हणजे पाण्याशी संबंध उरतो तो तीन ठिकाणी. पंखाही पुरता बुडालेला नसतो. त्याची खालची पाती पाण्यात आणि वरची हवेत अशी स्थिती असते. त्यामुळेच मागे पाण्याचा उंच तुरा उडतो. नावेचा मधला तळ पाण्यावर अधांतरी राहतो आणि त्याखालून शिरणारी हवा नावेचे बरेचसे वजन पेलते. हायड्रोप्लेन ही अर्धी नाव आणि अर्धे विमान आहे, असे मामा म्हणत. तिचे सारे गुण आणि सारे धोके या एका वाक्यात येतात, हे मला पुढे कळले.

थोडा पूर्वेतिहास

सिॲटल आणि हायड्रोप्लेन यांचे नाते १९५० सालचे आहे. त्याआधी पाण्यावरील वेगाचा विक्रम इंग्लंडच्या सर माल्कम कॅम्पबेल यांच्या नावावर होता. १९३९ साली कॉनिस्टन सरोवरावर त्यांनी ताशी १४१.७४ मैलांचा वेग गाठला होता. २६ जून १९५० रोजी सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर स्टॅन्ली सेयर्स यांनी ‘स्लो-मो-शन ४’ ही नाव ताशी १६० मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर वेगाने चालवली. ही नाव टेड जोन्स यांनी आखली आणि अँकर जेन्सन यांनी आपल्या नौकाशाळेत बांधली. तिच्यात ॲलिसन जातीचे विमानाचे इंजिन होते. महायुद्ध संपल्यावर अशी इंजिने युद्धशेष माल म्हणून मिळू लागली होती. ज्या यंत्राने लढाऊ विमाने उडवली, तेच शर्यतीच्या नावेत आले.

त्याच वर्षी या नावेने डेट्रॉइट येथील गोल्ड कप जिंकला. विजेत्याच्या गावी पुढची शर्यत भरवायची, या प्रथेमुळे १९५१ची शर्यत सिॲटलला आली आणि ते शहर या खेळाच्या नादी लागले. त्या काळात तिथली मुले फळकुटांच्या नावा करून सायकलीमागे दोरीने ओढीत असत. मामांच्या शेजारी राहणारे एक वृद्ध सुतार त्या मुलांपैकीच एक. मामांना हा छंद लागला तो त्यांच्यामुळे. ‘स्लो-मो-शन ४’ आज सिॲटलच्या इतिहास व उद्योग संग्रहालयात जतन केलेली आहे. तिच्यासमोर उभे राहिल्यावर मला जाणवले, की आपण वर्गात ‘युद्धोत्तर काळ’ असा शब्द सहज लिहून जातो. त्या शब्दाला वजन असते, आकार असतो, आणि कधी कधी लाकडाचा सांगाडाही असतो.

संच आणि सांगाडा

आमचा संच १/८ प्रमाणाचा, जुन्या घडणीच्या नावेचा होता. इंजिन पुढे आणि चालक त्याच्या मागे. बांधून झालेल्या नावेची लांबी एक मीटरहून थोडी अधिक. खोक्यात बर्च लाकडाच्या प्लायचे कापलेले तुकडे, लांब पट्ट्या, आणि मोठा नकाशा होता. नकाशा वाचणे हा पहिला धडा. त्यात नाव वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन वेळा काढलेली असते. या तीन चित्रांतून मनात एकच वस्तू उभी करता आली पाहिजे. पहिले तीन दिवस मामांनी मला एकही तुकडा चिकटवू दिला नाही. “हा तुकडा कुठे बसतो ते बोटाने दाखव, मग करवत घे,” असे ते म्हणत. साधनांची उलटतपासणी केल्याशिवाय विधान करू नये, असे आमचे सर वर्गात सांगतात, त्याची मला आठवण झाली.

बांधणीची पाटी सपाट असणे ही सर्वांत महत्त्वाची अट. आम्ही एक जुने गुळगुळीत दार दोन घोड्यांवर टाकले आणि पाणसळ लावून ते समतल केले. त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लॅस्टिक, आणि त्यावर सांगाडा. लांबीच्या दिशेने दोन मजबूत कण्या असतात. इंजिन पुढे त्यांवरच बसते. त्यांच्या खाचांत आडव्या फ्रेमी बसवायच्या. प्रत्येक फ्रेम गुण्या लावून काटकोनात आहे ना, ते पाहायचे. सगळे आधी कोरडेच जुळवायचे, रबरबँड आणि शिकंजे लावून दूर उभे राहून पाहायचे, आणि मगच इपॉक्सी लावायचे. इपॉक्सी एकदा घट्ट झाले की सांधा सुटत नाही, लाकूडच तुटते.

पाटीचा एवढा आग्रह का, ते समजून घेतले पाहिजे. सांगाड्याला पीळ बसला तर एक स्पॉन्सन दुसऱ्यापेक्षा खाली येतो. उभ्या नावेत हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण वेगात एक पाऊल आधी टेकते, नाव कलते आणि हवा एका बाजूने जास्त शिरते. स्पॉन्सनच्या तळाचा पाण्याशी असलेला कोनही असाच नाजूक असतो. आमच्या नकाशात तो तीन-चार अंशांचा होता. कमी झाला तर नाव पाण्याला चिकटते, अधिक झाला तर उड्या मारते. दोन्ही स्पॉन्सन मी एकाच साच्यावर घासले आणि दर वेळी त्यांची तुलना केली. मामा डोळे मिटून बोटाची पेरे कडेवरून फिरवीत. हात कापत असला तरी बोटांना उंचवटा बरोबर कळत होता. “इथे अजून दोनदा पॉलिश पेपर,” असे ते सांगत, आणि पट्टी ठेवून पाहिले तर ते खरे निघे.

तळ आधी मढवला, वरचे छत शेवटी. मधल्या वेळात आतील प्रत्येक कोपऱ्याला पातळ इपॉक्सीचा हात दिला, कारण प्लायला पाण्याचे आणि पेट्रोलचे दोन्हींचे भय असते. छत मिटल्यावर आत ब्रश पोचत नाही. मोकळ्या कप्प्यांत फोम भरला, म्हणजे नाव उलटली तरी बुडू नये.

इंजिन आणि ‘गॅस’

इथे एका शब्दाचा खुलासा करते. अमेरिकेत पेट्रोलला बोलीत ‘गॅस’ म्हणतात. तेव्हा ‘गॅसवर चालणारी प्रतिकृती’ म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसवरची नव्हे. आमचे इंजिन २६ घनसेंटिमीटरचे, टू-स्ट्रोक, गवत छाटण्याच्या यंत्रात असते त्या जातीचे होते. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरप्रमाणे त्यालाही पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावे लागते. आम्ही पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल घेतले. थंड ठेवण्यासाठी सरोवराचेच पाणी वापरतात. सुकाणूजवळच्या नळीतून ते वेगाच्या दाबाने आत येते, इंजिनाभोवती फिरते आणि बाजूने बाहेर पडते. नाव पळते आहे तोवर पाणी आहे. म्हणून इंजिन कोरड्या जमिनीवर फार वेळ चालू ठेवायचे नाही. इंजिनाची शक्ती लवचीक तारेच्या दांड्याने पंख्यापर्यंत जाते.

वळणासाठी एका स्पॉन्सनला धातूचे उभे पाते लावतात. ते पाण्यात रुतते आणि नाव बाहेर घसरत नाही. मोठ्या नावांच्या शर्यतीत वळणे डावीकडे असतात, म्हणून पाते डावीकडे. प्रतिकृतींच्या शर्यती उजवीकडे वळणाऱ्या, म्हणून आमचे पाते उजवीकडे.

प्रमाणाचे गणित

१/८ म्हणजे सर्व काही आठपटीने लहान, असे मला वाटे. तसे नसते. लांबी आठपट कमी झाली की क्षेत्र चौसष्टपट आणि घनफळ पाचशे बारापट कमी होते. आजची मोठी हायड्रोप्लेन सुमारे तीन टनांची असते. तिला ५१२ने भागले तर सहा किलोच्या आसपास वजन येते. इंजिनासह आमची नाव सात किलो भरली. वेगाचा नियम आणखी वेगळा आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात छोट्या प्रतिकृती हौदात ओढून दाखवले, की लाटांचे वर्तन जुळवायचे तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावा लागतो. आठाचे वर्गमूळ सुमारे २.८३. म्हणजे ताशी ८० किलोमीटर धावणारी १/८ नाव ही ताशी सुमारे २२६ किलोमीटर धावणाऱ्या मोठ्या नावेसारखी वागते. प्रतिकृती हे खेळणे नसून प्रयोगही असू शकतो, तो यामुळे.

पाण्यावर

अर्धी नाव आणि अर्धे विमान, याचा दुसरा अर्थ आता सांगते. तळाखालची हवा नावेला उचलते हे खरे. पण नाळ थोडी जास्त उचलली गेली तर हवा जास्त शिरते, जास्त हवेने नाळ आणखी उचलते, आणि एका क्षणी नाव मागे कोलांटते. पाण्यावर ताशी २०० मैलांची मर्यादा १९५५ साली ओलांडणारे डोनाल्ड कॅम्पबेल हे माल्कम यांचे पुत्र. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन सरोवरावर त्यांची ‘ब्लूबर्ड’ अशीच उलटली आणि ते गेले. १९८१ साली अकापुल्को येथे बिल मन्सी हे नामवंत चालक अशाच अपघातात गेले. त्यानंतरच्या काही वर्षांत मोठ्या नावांत चालकाची जागा लढाऊ विमानासारख्या बंद छताखाली आली. आजचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांचा आहे. ८ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांनी ताशी ३१७.६ मैल, म्हणजे सुमारे ५११ किलोमीटर वेग गाठला, तो स्वतःच्या घराच्या परसात बांधलेल्या नावेत. तो विक्रम अजून मोडलेला नाही. २०२३ साली ते वारले.

म्हणून गुरुत्वमध्याकडे आम्ही फार लक्ष दिले. नाव दोन बाजूंनी बोटांवर तोलून धरली, तर ती स्पॉन्सनच्या मागच्या कडेच्या किंचित मागे समतोल राहिली पाहिजे, तीही टाकी रिकामी असताना. मध्य मागे गेला तर नाळ उचलते, फार पुढे गेला तर नाव पाणी सोडत नाही. दुसरी काळजी माणसांची. सात किलोची वस्तू ताशी ८० किलोमीटर वेगाने आदळली, तर ती सुमारे पंचवीस मीटर उंचीवरून पडल्यासारखी आदळते. हे गणित मी वहीत करून मामांना दाखवले. ते म्हणाले, “म्हणूनच रिमोट तुझ्या हातात. कापऱ्या हाताने घोडा दाबायचा नाही.” हे त्यांनी इतके सहज सांगितले, की मला काही बोलता आले नाही. रेडिओचा संदेश तुटला तर इंजिन आपोआप मंद व्हावे, अशी योजनाही केली आणि काठावर तीनदा तपासली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, वारा पडलेला असताना, परवानगी असलेल्या एका तळ्यावर आम्ही गेलो. इंजिन दोरी ओढून सुरू करतात. त्याला बळ लागते, स्थिर हात लागत नाही. ते काम मामांनी घेतले. शेजारच्या आजोबांनी गमबूट घालून नाव पाण्यावर सोडली. प्रथम ती साध्या होडीसारखी पाणी सारीत गेली. मी घोडा थोडा अधिक दाबला, तशी तिने नाळ खाली घेतली, तळ वर आला आणि मागे पांढरा तुरा उभा राहिला. सहा फेऱ्या झाल्या. मामा प्रत्येक वळणाआधी फक्त “आता” एवढेच म्हणत होते.

आता प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडे हाताचे काम आणि बुद्धीचे काम यांत एक भिंत आहे, आणि कला शाखेत ती थोडी अधिकच उंच आहे. ही नाव बांधताना मला आढळले, की नकाशा वाचणे हे वाचनच आहे. कोणते काम आधी आणि कोणते नंतर हा विवेक निबंधालाही लागतो. आणि एका माणसाचे ज्ञान त्याचे हात थकल्यावरही नाहीसे होत नाही, ते घेणारे दुसरे हात मात्र वेळेवर मिळावे लागतात. आपल्या गावोगावीही असे सुतार, लोहार, होडी बांधणारे आहेत, ज्यांची बोटे पाहू शकतात आणि ज्यांचे हात आता कापतात. त्यांच्याजवळचे ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात नोंदलेले नाही. येत्या सुटीत आपल्यापैकी काहींनी त्यांच्याकडे वही आणि पॉलिश पेपर, दोन्ही घेऊन जावे, अशी माझी विनंती आहे.